'१९१९ ची पहिली आवृत्ती' घेऊ का?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात दहा वर्षं ताई-ची ही चिनी युद्धकला करणाऱ्या एका गृहस्थांना सुन लुतांग या जुन्या चिनी उस्तादांचं 'ताई-ची छ्वान श्वे' हे चिनी पुस्तक '१९१९ ची पहिली आवृत्ती' म्हणून चाळीस हजार रुपयांना मिळतंय. विक्रेत्याने मुखपृष्ठाचा आणि आतल्या एका पानाचा फोटो पाठवलाय, त्या पानावर साल आहे. त्यांना चिनी वाचता येत नाही. हे घ्यावं का, आणि पुढे अशी जुनी पुस्तकं जमवायची तर सुरुवात कुठून करावी, असं त्यांनी विचारलंय.

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देते: या दाव्यावर घेऊ नका. या पुस्तकाची १९१९ ची आवृत्ती निघालेलीच नाही. सुन लुतांग यांनी प्रस्तावना लिहिली १९१९ मध्ये, पुस्तक छापून आलं १९२१ मध्ये. तुम्हाला पाठवलेलं सालाचं पान हे बहुतेक प्रस्तावनेचं शेवटचं पान असणार. विक्रेता लबाड आहे असं मी म्हणत नाही. त्यालाही चिनी येत नसेल, किंवा ज्याच्याकडून घेतलं त्याने तसं सांगितलं असेल. पण पुस्तक १९२१ चं अस्सल असो, नंतरचं पुनर्मुद्रण असो की पन्नास वर्षांनी काढलेली फोटोप्रत (जुन्या पानांचे फोटो घेऊन छापलेली प्रत) असो, प्रस्तावना तीच राहते आणि तिच्याखालचं सालही तेच राहतं.

मी चाकण-रांजणगाव पट्ट्यात चिनी दुभाषाचं काम करते. शिंग-यी, म्हणजे ताई-चीसारखीच दुसरी एक चिनी युद्धकला, करतेय त्याला पंचवीस-एक वर्षं झाली. भाषा तैपेईत शिकले आणि या पुस्तकांचा नादही तिथेच लागला. घरात आता सव्वाशेच्या आसपास पुस्तकं आणि बाडं आहेत. त्यातली निम्मी तरी मी आज परत घेणार नाही. खाली जे लिहितेय ते बरंचसं त्या निम्म्यांनीच शिकवलंय.

तुम्ही विचारलंय की दुर्मीळ पुस्तकं कोणती. पण ती यादी कुठेही मिळेल. तुमची खरी अडचण ही आहे की हातात आलेली वस्तू नेमकी काय आहे, हे तुम्हाला दुसऱ्यावर विसंबून ठरवावं लागतंय. ती अडचण वाटते तेवढी मोठी नाही. चिनी भाषा यायला वर्षं लागतात. चिनी पुस्तकाचं शेवटचं पान वाचायला दोन रविवार पुरतात.

आपल्या पोथ्यांत लेखनकाल, लेखकु, गाव हे सगळं शेवटी पुष्पिकेत असतं ना, तसंच तिथे. चिनी पुस्तकात मुद्रणाची माहिती मागच्या पानावर, बहुधा एका चौकटीत असते: लेखक, प्रकाशक, छापखाना, किंमत, आणि छपाईच्या तारखा. साल 'मिन-क्वो' म्हणजे प्रजासत्ताकाचं असतं. शकात ७८ मिळवून आपण इसवी सन काढतो, तसे इथे १९११ मिळवायचे. आकडे सोपे आहेत. एक, दोन, तीन म्हणजे तेवढ्याच आडव्या रेघा. दहा म्हणजे बेरजेचं चिन्ह. आठ म्हणजे कौलारू छपराच्या दोन उतरत्या बाजू, फक्त वर न जुळलेल्या. प्रस्तावनेखाली ते छप्पर एकटंच दिसतं: मिन-क्वो ८, म्हणजे १९१९. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मात्र बेरजेचं चिन्ह हवं: मिन-क्वो १०, म्हणजे १९२१. बेरजेच्या चिन्हाखाली छप्पर असेल तर ते १८, म्हणजे १९२९. एवढं तर तुम्ही फोटोवरूनही ओळखाल. आणि तारखांच्या ओळी एकाहून जास्त असतील तर शेवटची बघायची. पहिली ओळ पहिल्या आवृत्तीची असते आणि ती प्रत्येक पुनर्मुद्रणात तशीच ठेवतात. हातातली प्रत शेवटच्या ओळीची.

नावाचंही सांगून ठेवते. सुन लुतांग यांचं कागदोपत्री नाव सुन फुछ्वान. पुस्तकांवर तेच असतं. 'लुतांग' शोधत बसलात तर अस्सल प्रत समोरून निघून जाईल. त्यांची 'शिंग-यी छ्वान श्वे' १९१५ ची, पाठोपाठ पा-क्वा या आणखी एका शाखेवरचं पुस्तक, मग हे ताई-चीचं, आणि १९२४ मध्ये 'छ्वान-यी शु-चन', ज्यात त्यांनी आपल्या गुरूंच्या आणि थोरांच्या तोंडची वचनं उतरवून ठेवली. माझ्या मते चौघांत वाचायला सगळ्यात मोलाचं ते शेवटचं, आणि बाजारात मागणी बाकीच्यांना जास्त, कारण त्यांत फोटो आहेत.

आता पुढचा खड्डा. फोटोप्रत काढणारा प्रकाशक अनेकदा जुनं मुद्रणपानही जसंच्या तसं छापतो. म्हणजे १९२१ साल बरोबर, पण कागद १९७५ चा. जुन्या पुस्तकांत या पानावर लेखकाचा शिक्का किंवा हक्कदर्शक तिकीट चिकटवलेलं असे, शाई लाल. फोटोप्रतीत तो शिक्का काळा किंवा राखाडी होतो, कारण तो उमटवलेला नसतो, त्याचा फोटो छापलेला असतो. दुसरं, खिळ्यांच्या छपाईत अक्षर कागदात किंचित रुततं. पान तिरपं धरून पाठीवरून बोट फिरवलं की जाणवतं. ऑफसेटचं पान दोन्हीकडून गुळगुळीत. तिसरं म्हणजे आसनांचे फोटो, म्हणजे पवित्र्यांचे. सुन लुतांग स्वतः उभे आहेत त्यात, लांब झगा घालून. चांगल्या जुन्या प्रतीत त्यांच्या बोटांमधल्या फटी दिसतात, झग्याच्या चुण्या दिसतात. फोटोप्रतीत ठिपक्यांवर ठिपके बसून झगा म्हणजे नुसता काळा डाग होतो आणि हात कुठे संपतो ते कळत नाही. आणि पुस्तकाच्या अगदी शेवटी, शिवणीजवळ, फाडलेल्या पानाची चिंधी राहिलीय का ते बघा. फोटोप्रतीच्या प्रकाशकाने स्वतःची माहिती ज्या पानावर दिली होती, ते पान कुणीतरी काढून टाकलेलं असू शकतं.

एक गंमत शांघायच्या कमर्शियल प्रेसची. ही त्या काळातली चीनमधली मोठी प्रकाशनसंस्था. जानेवारी १९३२ मध्ये जपानी विमानांनी शांघायवर बॉम्ब टाकले तेव्हा तिचा छापखाना जळला, आणि पाठोपाठ तिचं ग्रंथालयही राख झालं. नंतर त्यांनी जुनी पुस्तकं नव्याने जुळवून छापली आणि मुद्रणपानावर लिहिलं, 'राष्ट्रीय संकटानंतरची पहिली आवृत्ती'. या ओळीत 'पहिली आवृत्ती' हे शब्द आहेतच! अर्धवट वाचणारा विक्रेता तेवढेच शब्द दाखवतो. माझ्याकडे असं एक आहे. मी स्वतःच अर्धवट वाचलं होतं, दोष कुणाला देऊ?

तैवानी आणि हाँगकाँगी पुनर्मुद्रणांचा तर वेगळाच प्रकार. तैवानमध्ये १९४९ ते १९८७ लष्करी कायदा होता. मुख्य भूमीवर राहिलेल्या लेखकांची पुस्तकं तिथे उघडपणे छापता येत नसत. मग प्रकाशक लेखकाचं नाव गाळत, एखादं अक्षर बदलत, किंवा 'संपादक मंडळ' असं मोघम घालून मोकळे होत. त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकातलं एखादं अनामिक दिसणारं पुस्तक हे वीस-तीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या नामांकित पुस्तकाचा अवतार असू शकतं. मला स्वतःला ही पुस्तकं आवडतात. स्वस्त असतात, कागद टिकाऊ असतो, आणि ओळख पटवण्यात कोडं सोडवल्याचा आनंद मिळतो. फक्त ती १९३० ची म्हणून विकत घेऊ नयेत, एवढंच.

इथवरचं गोळा करते: प्रस्तावनेचं साल म्हणजे प्रकाशनाचं साल नव्हे, शेवटच्या पानावरची शेवटची तारीख बघायची, आणि तीही पटली तरी शिक्का, अक्षरांचा रुतवा आणि फोटो तपासल्याशिवाय मोठी रक्कम द्यायची नाही.

आता दुसरा भाग, सुरुवात कुठून. हे तुम्हाला पुस्तकं कशासाठी हवीत यावर ठरतं. वाचायला किंवा सरावाला ताडून बघायला हवी असतील, तर जुन्या प्रतीवर एक रुपयाही घालू नका. शान्शी प्रांताच्या विज्ञान-तंत्रज्ञान प्रकाशनाने आणि तैपेईच्या काही प्रकाशकांनी प्रजासत्ताक काळातल्या, म्हणजे १९४९ च्या आधीच्या, ढिगभर पुस्तकांची स्वच्छ पुनर्मुद्रणं काढली आहेत. जुन्या चिनी ग्रंथांच्या स्कॅन टोकियोचं वासेदा विद्यापीठ फुकट दाखवतं. वस्तू म्हणून, तो कागद हातात धरायचा म्हणून हवं असेल, तर ते वेगळं वेड आहे. मला ते आहे, तेव्हा मी नावं ठेवणार नाही. पण मग एकच शाखा धरा. तुम्ही ताई-ची करता ना? मग तेवढंच. सगळ्या शाखांच्या मागे लागणारा माणूस शेवटी विक्रेत्यांचा लाडका होतो.

ताई-चीतली मोठी नावं सांगायची तर यांग छंगफू यांचं १९३१ चं 'ताई-ची छ्वान शृ-युंग-फा'. छापून आल्यावर त्याच्या प्रती मागे घेऊन जाळल्या, असं त्यांच्या परंपरेत सांगतात. १९३४ मध्ये सुधारलेलं दुसरं पुस्तक आलं. आणि छन घराण्यातले छन शिन. त्यांनी बारा वर्षं खपून आपल्या घराण्याच्या ताई-चीवर सचित्र ग्रंथ लिहिला, आणि छापायला पैसे नसल्याने १९२९ मध्ये तो न बघताच गेले. तो खाइफंगला १९३३ मध्ये निघाला, चार भागांत, दोऱ्याने शिवलेला. चारही भाग एकाच संचातले असलेली प्रत मी आयुष्यात दोनदा बघितली, दोन्ही वेळा दुसऱ्याच्या घरी.

ही एवढी पुस्तकं त्याच पंचवीस-तीस वर्षांत का निघाली, हे आपल्याला समजायला सोपं आहे. देश दुबळा झालाय तर शरीरं घडवा, आणि उस्ताद जे कानात सांगतात ते छापून सगळ्यांना द्या, ही हवा. युद्धकला शिकवणारी शांघायची चिंगवू संस्था १९१० ची, नानचिंगची मध्यवर्ती क्वोशू (म्हणजे 'राष्ट्रीय कला', युद्धकलांचं तेव्हाचं नाव) संस्था १९२८ ची. आपल्याकडे अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, आणि बडोद्याला मुजुमदारांचा दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' १९३६ पासून निघत गेलेला. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी चिनी क्वोशूचं पथकही प्रात्यक्षिकं करायला गेलं होतं आणि अमरावतीचं पथकही. ही दोन्ही पथकं एकमेकांसमोर आली असतील का, हा विचार मी फार वेळा करते.

पुस्तकं दुर्मीळ का झाली? हलका कागद, शिष्यांनी घामाच्या हातांनी हाताळलेली पानं, जपानशी युद्ध, मग यादवी, आणि १९६६ पासून दहा वर्षं 'जुनं ते सगळं जाळा'. ज्याच्या घरात असं पुस्तक सापडे त्याला शिक्षा होई, म्हणून लोकांनी स्वतःच चुलीत घातली.

पण खरं सांगू, माझं मन आता त्या प्रसिद्ध पुस्तकांत नाही. १९८३ ते १९८६ या काळात चीन सरकारने गावोगावच्या युद्धकलांची पाहणी केली आणि १२९ शाखा नोंदवल्या. त्या वेळी जिल्हा-तालुक्यांच्या क्रीडा कचेऱ्यांनी म्हाताऱ्या उस्तादांकडून माहिती घेऊन सायक्लोस्टाइलच्या पुस्तिका काढल्या, 'अंतर्गत वापरासाठी' असं वर छापून. त्या दुकानात कधी आल्याच नाहीत. शांघायच्या १९३१ च्या पुस्तकापेक्षा एखाद्या तालुक्याची १९८४ ची पुस्तिका जास्त दुर्मीळ असते, आणि कुणी विचारत नसल्याने चहा-भजीच्या भावात मिळते. माझ्याकडे हपेइ प्रांतातली एक आहे, शिंग-यीच्या माहेरची, ऐंशी युआनला घेतलेली. स्टेन्सिलची निळसर अक्षरं, मधल्या पानांवर काडीसारखी माणसं काढलेली, आणि समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय: 'इथे डावा पाय. लिहून घेणाऱ्याने चुकवलं.' ते वाचून मी उठून तो पवित्रा करून पाहिला. डावाच पाय हवा!

सुरुवात तिथून करा. किंवा ऐंशीच्या दशकात सरकारी प्रकाशनांनी काढलेल्या पुस्तकांपासून. त्यांच्या मुद्रणपानावर किती प्रती छापल्या तो आकडाही असतो, त्यामुळे 'दुर्मीळ' म्हणणाऱ्याचा खरेपणा तिथेच कळतो. चुकलात तरी थोडक्या पैशांत चुकाल.

हस्तलिखित बाडांपासून मात्र पहिली पाच वर्षं लांब राहा. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण हाच धंदा सगळ्यात जोरात आहे. २००४ मध्ये पेइचिंगला एका आठवडी बाजारात मी छिंग या चीनच्या शेवटच्या राजवटीतलं म्हणून एक बाड घेतलं, बाराशे युआनला. पिवळा कागद, काठीधारी आकृत्या, कसरीने खाल्लेल्या कडा. मी हरखले. तैपेईला परत आल्यावर एका जुन्या पुस्तकवाल्याला दाखवलं. त्याने भिंग घेतलं, दोन पानं उलटली आणि म्हणाला, "ही कसर सुतारकाम शिकलेली दिसते."

कसर पानांतून जाताना वाट बदलते. पहिल्या पानावरचं भोक दहाव्या पानावर थोडं सरकतं, लांबट होतं, कुठे दोन भोकं एकत्र येतात. माझ्या बाडातली भोकं पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ, गोल, एकाच मापाची. गरम सळई घातलेली. त्याहून वाईट म्हणजे शाई. लिहून झाल्यावर कसरीने खाल्लं तर अक्षर भोकाच्या कडेला कापल्यासारखं तुटतं. माझ्या बाडात एका अक्षराची रेघ भोकाशी येऊन कडेने पसरली होती, म्हणजे भोक आधी आणि लिहिणं नंतर. पिवळेपणा चहाचा होता, पानाच्या कडेला आणि शिवणीच्या आत सारखाच. खरा जुना कागद कडेला काळवंडतो आणि आत उजळ राहतो. ते बाड मी फेकलं नाही. शिकाऊ मुलांना दाखवायला ठेवलंय.

राजवट ठरवायला चिनी अभ्यासक एक खूण वापरतात. बादशहाच्या नावातलं अक्षर लिहायला बंदी असे, म्हणून छिंग राजवटीतल्या खांगशी बादशहाच्या काळापासून 'गूढ' या अर्थाचं 'श्वेन' अक्षर शेवटची रेघ गाळून लिहीत. पण हा नियम पंडितांचा. गावातला अर्धशिक्षित उस्ताद तो पाळेलच असं नाही, त्यामुळे रेघ आहे म्हणून बाड खोटं ठरत नाही आणि नाही म्हणून खरं ठरत नाही. नक्कल करणाऱ्यांनाही ही खूण ठाऊक असते.

आपण भारतीय म्हणून आणखी एका जागी फसतो. बोधिधर्माने लिहिलेला 'यी-चिन चिंग', स्नायुपरिवर्तनाचा ग्रंथ, आपल्याला फार अभिमानाने विकला जातो. दक्षिण भारतातून गेलेला भिक्षू, शाओलिन मठाजवळची गुहा, तिथे सापडलेली पोथी, असं सगळं. तो ग्रंथ बोधिधर्माचा नाही. आज मिळतो तो मजकूर सतराव्या शतकातला, आणि त्याच्या कितीतरी आधीच्या थांग राजवटीतल्या सेनापती ली चिंगच्या नावावर असलेली त्याची प्रस्तावनाही बनावट. तांग हाव या चिकित्सक संशोधकाने १९३० मध्ये शाओलिन आणि वूतांग या युद्धकलांच्या प्रसिद्ध ठिकाणांबद्दलच्या दंतकथांची चिरफाड करणारं पुस्तकच लिहिलं. चीनमधल्या पुराव्यांवर चिनी माणसानेच हे दाखवून दिलंय, तेव्हा आपण त्यावर रुसायचं कारण नाही. विसाव्या शतकातली यी-चिन चिंगची छापील प्रत घ्यायला हरकत नाही, चित्रं सुरेख असतात. 'मूळ' म्हणून कुणी देऊ केली तर नमस्कार करून निघा.

मोबाइलच्या भाषांतरावर किती विसंबायचं? गद्याचा अंदाज येतो. पण कसब सांगितलेलं असतं ते पद्यांत, आणि ती पाठ करून नंतर कुणीतरी कानाने उतरवलेली असतात. उच्चार तोच, अक्षर वेगळं. मिंग राजवटीतला सेनापती छी चीक्वांग याने सोळाव्या शतकात बत्तीस पवित्रे सचित्र दिले, त्यातला पहिला 'लान-चा-यी', आळसावल्यासारखा झगा खोचणं. छन घराण्याच्या कागदांत तोच पवित्रा जवळपास त्याच उच्चाराच्या पण वेगळ्या अक्षरांनी लिहिलेला सापडतो, आणि शब्दशः अर्थ लावला तर भलतंच काही निघतं. यंत्राला हे कळत नाही. ज्याने तो पवित्रा केलाय त्याला कळतं, आणि इथे तुमची दहा वर्षं कामाला येतील.

खरेदीचं. चिनी जुन्या पुस्तकांचा मोठा ऑनलाइन बाजार म्हणजे खोंगफूत्स. तिथे प्रतीची अवस्था दहापैकी गुणांत देतात. 'साडेआठ' म्हटलं की मी मनात सात धरते. पण चीनबाहेर काढण्याआधी दोन सालं लक्षात ठेवा. १९११ पूर्वीची जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि १९४९ पर्यंतच्या मूल्यवान वस्तूंनाही तत्त्वतः बंदी आहे. 'कपड्यांमध्ये गुंडाळून पाठवतो' म्हणणाऱ्या विक्रेत्याला नाही म्हणा. पुस्तक जप्त झालं तर पैसे तुमचेच जातात. त्यापेक्षा तैपेई, हाँगकाँग किंवा टोकियोच्या जिंबोचो भागातली जुनी दुकानं बरी. जे आधीच बाहेर आहे ते तिथून सरळ मार्गाने येतं.

तर आता विक्रेत्याकडे चार फोटो मागा: शेवटचं पान पूर्ण, त्यावरचा शिक्का जवळून, पवित्र्याचा एक फोटो भिंगाखाली, आणि शेवटच्या पानाची शिवण. द्यायला खळखळ करत असेल तर तेच तुमचं उत्तर. मिळाले तर इथे टाका, मी बघून सांगते. आणि सौदा ठरलाच तर पार्सल पावसाळ्यात मागवू नका. त्या काळचा कागद आधीच ठिसूळ असतो, पावसाळ्यात गोदामात आठवडाभर पडला की पानं एकमेकांना चिकटतात, आणि मग ती सोडवायला गेलं की फोटोतल्या सुन लुतांगांचा हातच निघून येतो. दसरा होऊ द्या.